मंडईच्या तोंडावर बदललेला फोन

रस्ता रुंद करणाऱ्या यंत्राने लाखांदूरच्या आपल्या बिछायत केंद्रासमोरची टेलिफोनची केबल तोडली, तेव्हा दसरा अजून व्हायचा होता. तुम्हा मुलांना ते दुकान मंडपाच्या कापडांत लपाछपी खेळायची जागा म्हणून आठवत असेल. धंदा म्हणून ते असं आहे: लग्न असो, तेरवी असो, भागवत सप्ताह असो, मंडप, स्टेज, खुर्च्या, सतरंज्या, लाइट आणि माइक आपण भाड्याने देतो. सगळ्यात धावपळीचे दिवस दिवाळीनंतरचे. भाऊबीज झाली की आपल्या भागात गावोगाव मंडई भरू लागते. धान कापून होत आलेलं असतं, लेकी माहेरी आलेल्या असतात, दिवसा बाजार आणि रात्री नाटक. नाटक कंपनी वडशाहून येते, पण उभी आपल्या स्टेजवर राहते. स्टेज नाही तर नाटक नाही, आणि नाटक नाही तर त्या गावाची फजिती पुढच्या मंडईपर्यंत पाहुण्यांच्या तोंडी राहते.

ही सगळी बुकिंगं त्या एका टेलिफोनवर व्हायची. लाखांदूरपासून पवनीपर्यंतच्या गावांतल्या मंडळांना तो नंबर पाठ आहे. नंबर पाठ आहे, पण फोन करून कोणी तारीख सांगत नाही, हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. आपल्याकडे माणसं म्हणतात, "कोंढ्याच्या मंडईच्या दुसऱ्या दिवशी आमची मंडई." कारण पाहुणे एका मंडईतून उठून दुसऱ्या मंडईला जातात, आणि शेजारच्या गावचा दिवस कळल्याशिवाय आपला ठरत नाही. फोन घेणाऱ्याला सगळ्या गावांचा हा क्रम डोक्यात ठेवावा लागतो. पूर्वी तो माझ्या डोक्यात होता. माझे कान कमी झाल्यावर ते काम माझ्या सुनेने, तुमच्या काकूने घेतलं. ती कोंढ्याची लेक. तिकडची माणसं तिला ताई म्हणतात आणि तिने "हो" म्हटलं की ते गावभर सांगून मोकळी होतात.

केबल तुटली त्याच आठवड्यात काकूची आई अंगणात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. साखर उतरल्यावर, दिवाळीच्या थोडं आधी, नागपूरला ऑपरेशन करायचं ठरलं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की नंतरचे काही आठवडे कोणीतरी सतत जवळ हवं. काकूला भाऊ नाही, बहीण नाही. हिशेब केला तर ते आठवडे नेमके मंडईचे होते.

काकू म्हणाली, "आई, मावशीले ठेवते तिथं. मंडई आटपली की मी जाईन."

मी म्हटलं, "तुझी मावशी स्वतः काठी टेकत चालते. तू जायचं आहेस. ऑपरेशनच्या आधी जायचं आणि तुझी आई चालायला लागेपर्यंत राहायचं."

"मंग फोन कोण घेईन?"

"ते मी बघते."

हे बोलताना फोन कसा घ्यायचा हे मला माहीत नव्हतं. पण ती जाणार, हे ठरलं होतं. बाकी सगळं त्या एका गोष्टीभोवती बसवायचं होतं.

टेलिफोनच्या कचेरीत माझा मुलगा, तुमचा काका जाऊन आला. तिथे सांगितलं की तांब्याची ती जुनी लाइन कधी जोडली जाईल सांगता येत नाही, जोडली तरी ती फार वर्षं ठेवणार नाहीत. घरी आल्यावर त्याने इंटरनेटवरच्या फोनची गोष्ट काढली. नागपूरची एक कंपनी दुकानांना असे फोन बसवून देते. तार टेलिफोनची नाही, इंटरनेटची. एकाच नंबरवर आलेले फोन टेबलावरच्या यंत्रावर, मोबाइलवर, कुठेही वाजवता येतात. एक जण बोलत असला तर दुसऱ्याकडे वाजतो, त्यामुळे लाइन एंगेज लागत नाही. मागच्या मंडईत लाइन एंगेज लागते म्हणून दोन गावं कंटाळून पवनीच्या बिछायतवाल्याकडे गेली होती. काकाला ते टोचत होतं.

"आणि तिच्याच मोबाइलवर वाजवायचा," काका म्हणाला. "ती दवाखान्यात बसल्या बसल्या बोलेल. गाववाल्यांना समजणार पण नाही ती नागपूरले आहे."

"आईच्या उशाशी बसून ती खुर्च्यांचे आकडे सांगणार?"

"आई, दोन मिनिटांचा तर फोन असतो."

"मंडळाचा फोन दोन मिनिटांचा? आधी मागच्या नाटकातला व्हिलन कसा होता ते ऐकायचं, मग अध्यक्षाकडून सचिवाकडे फोन जाणार, सचिवाकडून सरपंचाकडे, मग पुन्हा अध्यक्षाकडे."

काका हसला, पण हट्ट सोडला नाही. मी त्याला सांगितलं की फोन आपल्या धंद्याला चालेल की नाही हा एक प्रश्न, आणि तो कोणाच्या मोबाइलवर वाजणार हा दुसरा. पहिला आपण नीट तपासू. दुसऱ्याचं उत्तर मी आत्ताच दिलं आहे.

कंपनीचा विक्रीचा माणूस आला. पोट सुटलेला, हसतमुख, बोलण्यात पटाईत. त्याने एक इंग्रजी माहितीपत्रक दिलं आणि इंग्रजीतला करार पुढे करून "इथे सही" म्हणून बोट ठेवलं. मी चष्मा लावून करार वाचायला घेतला. तो काकाला म्हणाला, "मॅडम पूर्ण वाचणार आहेत का?" काका म्हणाला, "आमच्या घरात किराण्याची पिशवी पण वाचूनच आत येते. चहा मागवतो."

कराराच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं की वीज किंवा इंटरनेट बंद असेल तर सेवा मिळणार नाही आणि त्याची जबाबदारी कंपनीची नाही. मी ते मराठीत मोठ्याने सांगितलं.

"तसं होत नाही मॅडम," तो म्हणाला.

"लाखांदूरला वीज जात नाही?"

"जाते. पण तेवढं चालतं."

"जुना टेलिफोन वीज गेली तरी चालायचा. माणसं त्याच सवयीने फोन करतील. ज्या दुपारी वीज नसते त्याच दुपारी ती शेतातून घरी येऊन निवांत बसलेली असतात."

त्याने मान हलवली आणि चहाचा कप उचलला. मी त्याला विचारत गेले. इन्व्हर्टरवर हे यंत्र किती वेळ चालेल? इंटरनेटची तार ज्या बाजूने येते तिथेच खोदकाम सुरू आहे, ती तुटली तर? जुना नंबर राहील का? बोलणं तुटक येईल का? शेवटच्या प्रश्नावर तो म्हणाला की ते तुमच्या इंटरनेटवर आहे. मी म्हटलं, मग आमच्या इंटरनेटवर लावून दाखवा, त्यानंतर सहीचं बघू. त्याला ते आवडलं नाही, पण यंत्र ठेवून गेला.

तपासणी मी माझ्या पद्धतीने केली. काकाला वेगवेगळ्या गावांत पाठवून तिथून फोन करायला लावला: कोंढ्याहून, वैनगंगेच्या पुलावरून, एसटीच्या आतून. दुकानात सगळे मोबाइल इंटरनेटवर चालू असताना आवाज घोगरा व्हायचा आणि शब्दांचे तुकडे पडायचे. मग फोनसाठी इंटरनेटचा वेगळा जोड घेतला, त्यावर दुसरं काहीही चालवायचं नाही असं ठरवलं, आणि आवाज सुधारला. मुख्य स्विच बंद करून पाहिला. फोन मेला. इंटरनेटची पेटी आणि फोन दोन्ही इन्व्हर्टरवर घेतले, पुन्हा स्विच बंद केला, फोन चालू राहिला. तार तुटली तर उपयोगी पडावी म्हणून सिमकार्डावर चालणारी एक छोटी पेटी आणली. जुना नंबर नव्या यंत्रणेत नेता येत नव्हता, पण त्यावर येणारे फोन नव्याकडे वळवता येत होते. त्यासाठी काकाला कचेरीत पुष्कळ खेटे घालावे लागले. ते त्याने घातले.

आणि एक गोष्ट मी कोणाला न सांगता तपासली. यंत्राबरोबर कानावर बसणारा हेडफोन होता. तो लावून आवाज वाढवला तर मला पलीकडचा माणूस स्पष्ट ऐकू येत होता. जुन्या टेलिफोनवर मला निम्मंच कळायचं, उरलेलं मी अंदाजाने भरायची, म्हणून तर ते काम सोडलं होतं. इथे बोलणं साठवूनही ठेवता येतं, एखादा शब्द निसटला तर पुन्हा ऐकता येतं. त्या दिवशी मी काकूला सांगितलं, "मंडईचे फोन मी घेणार."

तिने विचारलं, "आई, तुम्हाले ऐकू येईन?"

"मोबाइल घेऊन तिकडच्या खोलीत जा, मला फोन लाव आणि हळू बोल."

ती आत गेली आणि म्हणाली, "वरणात मीठ जास्त झालं होतं काल, पण मी बोलली नाही."

"आज बोललीस," मी इकडून सांगितलं. ती हसत बाहेर आली. हसतानाच तिचे डोळे भरले होते, ते मी पाहिलं नाही असं दाखवलं.

सही झाली, पण फक्त हंगामापुरती. काकू जाण्याच्या आदल्या दिवशी विक्रीच्या माणसाने सुचवलं की फोन उचलण्याआधी एक स्वागत वाजू द्या, मोठ्या कंपन्यांसारखं. आवाज घरातलाच असला तर गिऱ्हाइकाला आपलेपणा वाटतो. आम्हाला ते पटलं. काकूने यंत्रात बोलून ठेवलं: "नमस्कार. बिछायत केंद्रात आपलं स्वागत आहे. मंडप आणि स्टेजसाठी एक दाबा. हिशेबासाठी दोन दाबा." कोणी काहीच दाबलं नाही तर तेच पुन्हा वाजायचं, मग "धन्यवाद" म्हणून फोन बंद. आम्ही घरच्यांनी, नातेवाइकांनी फोन लावून पाहिले, एक दाबलं, दोन दाबलं, सगळं सुरळीत. काकू बॅग घेऊन नागपूरला गेली.

पहिले दिवस चांगले गेले. मी सकाळपासून हेडफोन लावून बसायची. काका म्हणायचा, "आई पायलट दिसून राहिली." माणसं मला विसरली नव्हती. "बाई, तुमी हा काय? ताई कुठं गेली?" मी सांगायची, आईजवळ गेली. मग आईची चौकशी, मग स्टेज. दोघांचे फोन एकदम आले तर एक काकाकडे जायचा. लाइन एंगेज लागली नाही.

मंडई जवळ आली तेव्हा एका सकाळी कोंढ्याकडच्या एका गावचे मंडळाचे अध्यक्ष एसटीने आले. डोक्याला पांढरा दुपट्टा, हातात छापलेल्या पत्रकांचा गठ्ठा. खुर्चीवर बसून त्यांनी पाणी घेतलं आणि म्हणाले, "बाई, स्टेजचं तोंड यंदा शाळेकडे करा. मागच्या वर्षी बायांच्या बाजूले दिसत नव्हतं."

मी त्यांच्या गावाचं नाव आमच्या क्रमात शोधत होते. ते तिथे नव्हतं.

"तुमचं स्टेज कधी सांगितलंत?"

"ताईले सांगतलं ना. मी स्वता फोन केला."

"ताई नागपूरला आहे."

"असन नागपूरले. पण बोलली तं तीच. मी का आवाज ओळखत नाही? आमच्या शेजारच्या गावची लेक आहे. नमस्कार केला तिनं, मी बी केला. म्हटलं, कोंढ्याच्या मंडईच्या दुसऱ्या दिवशी आमची मंडई, मोठं स्टेज पायजे."

"मग ती काय म्हणाली?"

"ती आपली एक दाबा, दोन दाबा सांगून राहिली होती. म्या म्हटलं, दाबादाबी राहू दे ताई, आमचं स्टेज लिहून घे. मंग धन्यवाद म्हणाली अन् फोन ठेवला. म्हटलं, झालं काम. घाईत असन बिचारी, माय बिमार आहे तिची."

काका दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा होता. मी त्यांना सांगितलं की तो आवाज यंत्रात भरून ठेवलेला होता.

"म्हंजे मी मशीनले सांगतलं?"

"हो."

"अन् मशीननं धन्यवाद म्हटलं?"

"हो."

"बाई, हे गावात सांगू नका. मंडईभर हासतीन लोक मले." मग त्यांना पुढचं सुचलं आणि चेहरा उतरला. "अन् स्टेज?"

त्या दिवसाची आपली दोन्ही मोठी स्टेजं दुसऱ्या गावांना दिलेली होती. गठ्ठ्यातल्या पत्रकावर नाटकाचं नाव, कंपनी, वेळ सगळं छापलं होतं. चूक त्यांची नव्हती. ज्या आवाजाने आजवर हो म्हटलं आणि पाळलं, त्याच आवाजावर त्यांनी विश्वास ठेवला होता. चाचणी आम्ही घेतली होती, पण बटण दाबायची सवय असलेल्या माणसांकडून.

मोठं स्टेज आणखी एकाकडेच होतं, पवनीच्या बिछायतवाल्याकडे. मी फोनकडे हात नेला तसा काका म्हणाला, "त्याच्याकडे मागशील? मागच्या वर्षी आपली गावं नेली त्यानं."

"नेली नाहीत. आपली लाइन लागत नव्हती म्हणून गेली. नंबर सांग."

तुमच्या आजोबांच्या वयाचा माणूस तो. माझं नाव ऐकून म्हणाला, "वहिनी, आज सूर्य कोणत्या बाजूनं निघाला?"

मी सगळं जसं झालं तसं सांगितलं. तो पलीकडे मनापासून हसला. "मले मालूम आहे. माझ्या माणसानं लावून पायला तुमचा नवा फोन. म्हणे, बाई बोलते बेस, पण आयकत नाही."

"आता ऐकणारी बसली आहे. तुमचं मोठं स्टेज त्या दिवशी मोकळं आहे का?"

"आहे. पण बोर्ड माझा लागन."

"लावा. आणि स्टेजचं तोंड शाळेकडे करा."

अध्यक्षांनी दोन्ही हात जोडले, यंत्राला की मला कोण जाणे. जाताना पत्रकांतलं एक माझ्यासमोर ठेवून गेले आणि दारातून म्हणाले, "नाटकाले या बाई. मशीन आणू नका."

ते गेल्यावर मी विक्रीच्या माणसाला फोन लावला आणि स्वागत काढून टाकायला सांगितलं. फोन वाजेल आणि माणूस उचलेल, मध्ये काहीही नाही.

"मॅडम, त्याने प्रोफेशनल वाटतं."

"आम्हाला वाटायचं नाही. स्टेज पोचवायचं आहे."

जेवणाआधी ते काढलं गेलं. मग बटण न दाबता बंद झालेल्या फोनांचे नंबर यंत्रात होते, त्या सगळ्यांना मी स्वतः उलटा फोन केला. बहुतेक जण दुसऱ्यांदा लावून माझ्याशी बोलले होते. एका आजीबाईंनी नातवाच्या बारशाच्या सतरंज्या मशीनला सांगून ठेवल्या होत्या. त्या लिहून घेतल्या.

हा घोटाळा काकाच्या मनातून जाईना. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा विषय काढला. "आई, मंडई संपेपर्यंत तिचा मोबाइल यात जोडू. लोकांना तिचीच सवय आहे. ऑपरेशन झालं, तिची आई ठीक आहे. दोन बटणांचं काम."

मी म्हटलं, "दोन बटणांचं आहे म्हणूनच नाही म्हणते. कठीण असतं तर तू केलं नसतंस. जुना फोन भिंतीला बांधलेला होता. माणूस उठून गेला की त्यातून सुटायचा. हा फोन माणसाच्या मागे जातो. तो कुठवर जाईल हे यंत्र ठरवणार नाही, आपण ठरवायचं."

त्याने हिशेबाची वही पुढे ओढली. पण बातमी कोंढ्यामार्गे नागपूरला पोचायची ती पोचलीच. संध्याकाळी काकूचा फोन आला.

"आई, माझ्या आवाजानं गोंधळ झाला म्हणे."

"आवाजाने नाही. तुझ्या आवाजामागे तू नव्हतीस म्हणून. तो काढला. स्टेजची सोय झाली."

"माझा नंबर जोडा न त्यात. माय झोपली की मी रिकामीच असते."

"रिकामी असलीस तर झोप. तिला कधी उठवून बसवायचं, कधी चालवायचं हे तुला कळायला हवं, त्यात मधेच वडशाच्या कंपनीची वेळ नको."

"अन् तुमी थकल्या तर?"

"थकले तर काका आहे. काकाही थकला तर पवनीवाला आहे, आता त्याच्याशी बोलणं सुरू झालंय."

ती हसली. मग आवाज खाली आणून म्हणाली की आज आई वॉकर धरून पलंगापासून दारापर्यंत गेली, आणि दारात थांबून तिने विचारलं, तुझी मंडई बुडली का माझ्यापायी? काकूने तिला सांगितलं, नाही बुडली, सासूबाई बसल्या आहेत.

मंडई पार पडली. विजेने दोनदा दगा दिला, इन्व्हर्टरने सांभाळलं. तार एकदा तुटली, तेव्हा सिमवरच्या पेटीने काम भागवलं, आवाज मात्र डब्यातून बोलल्यासारखा यायचा आणि मला हेडफोन दाबून धरावा लागायचा. हंगाम संपल्यावर मी काकाला सांगितलं की हा फोन आपल्याला चालतो: उचलायला माणूस असला तर, विजेची सोय आपली आपण केली तर, आणि बोलणाऱ्याला बटणं दाबायला लावली नाहीत तर. यातलं एकही सुटलं तर चालत नाही. मग वर्षाच्या करारावर मी सही केली.

काकू परत आली ती आईला कोंढ्याच्या घरात, शेजारणीच्या सोबतीने नीट बसवून. विक्रीचा माणूस त्याच सुमारास आला आणि विचारू लागला की आता कोणाकोणाच्या मोबाइलवर फोन वाजवायचा. काकाने तोंड उघडलं आणि माझ्याकडे पाहून मिटलं. मी काकूला म्हटलं, "तू सांग."

तिने विचार केला. "दुकानात असेन तोवर टेबलावर वाजू द्या. मोबाइलवर नको. दुपारनंतर टेबलावरचा बी आई घेतील, मी घरी जाईन. त्या वेळी माय एकटी असते. मी तिला फोन करत जाईन."

विक्रीच्या माणसाने तसं भरून दिलं.